कर्करोगाच्या पेशी ओळखणारे रंग

भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यांत ग्राइंडिंगवर काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात केव्हा ना केव्हा लोखंडाचा कण उडतोच. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले म्हणजे ते प्रथम कण काढतात. मग नारिंगी टोकाची एक कागदी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवतात आणि खोलीतला दिवा मालवून निळ्या उजेडात डोळा पाहतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा पापुद्रा जेथे खरचटून गेला असेल, तेवढाच ठिपका हिरवागार चमकतो. त्या पट्टीवरच्या रंगाचे नाव फ्ल्युओरेसीन. आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो १८७१ साली प्रथम तयार केला. आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांत हा रंग घातला गेला असेल. त्याचे नाव मात्र कोणी विचारले नसेल.

याच औद्योगिक पट्ट्यात दुसऱ्या एका कामी हीच युक्ती रोज वापरली जाते. मोटारीचा क्रँकशाफ्ट घडवून झाल्यावर त्याला कोठे तडा गेला आहे का, हे पाहावे लागते. हा तडा केसाहूनही बारीक असतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आम्ही भोसरीतील एका कारखान्यात ही तपासणी उभे राहून पाहिली. काळ्या पडद्यांनी बंद केलेली एक कोठडी होती. तपासणारा कामगार आत गेल्यावर काही मिनिटे स्वस्थ बसला. डोळे काळोखाला सरावले पाहिजेत, असे तो म्हणाला. मग दांड्यात वीज खेळवून त्याला चुंबक केले आणि त्यावर एक द्रव ओतला. या द्रवात लोहचूर्णाचे अतिसूक्ष्म कण असतात व त्यांवर चमकणाऱ्या रंगाचा लेप असतो. चुंबकीय बल तड्याच्या जागी पोलादातून बाहेर सांडते, म्हणून कण तेथे गोळा होतात. वर जंबुपार किरणांचा दिवा धरला आणि निळसर काळोखात एक हिरवी रेघ उमटली. दिवसाच्या उजेडात त्याच जागी आम्हांस स्वच्छ पोलादाखेरीज काहीही दिसले नव्हते.

शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या सर्जनची अडचण नेमकी अशीच आहे. कर्करोगाची गाठ पुस्तकातल्या चित्रात वेगळ्या रंगाची असते. प्रत्यक्षात ती भोवतालच्या मांसासारखीच दिसते. मधला भाग हाताला कठीण लागतो, परंतु कडेला गाठ कोठे संपली व निरोगी भाग कोठे सुरू झाला, हे सांगणे अनुभवी बोटांनाही जमत नाही. कमी कापले तर पेशी मागे राहतात आणि रोग उलटतो. जास्त कापावे, तर जिभेचा, मेंदूचा किंवा आतड्याचा चांगला भाग जातो. काढलेला तुकडा गोठवून, त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय मोठ्या रुग्णालयांत आहे. परंतु तीत अर्धा तास जातो आणि तपासणी होते ती चार-दोन जागांचीच. उरलेल्या कडेचा निकाल काही दिवसांनी येतो. 'कडेला रोग आहे' एवढे तीन शब्द कागदावर आले, की रोग्याला पुन्हा टेबलावर जावे लागते किंवा पुढचे उपचार वाढवावे लागतात. ज्या घरात हा कागद वाचला गेला आहे, त्या घरास या तीन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही.

तेव्हा प्रश्न असा, की क्रँकशाफ्टवरच्या हिरव्या रेघेसारखी खूण कर्करोगाच्या पेशींवर उमटवता येईल काय?

त्याआधी हे चमकणे म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. जुन्या काळी घरोघरी धोतराला नीळ देत; पुढे टिनोपॉल आले. दोहोंत मोठा फरक आहे. नीळ हा नुसता निळा रंग, पिवळटपणा झाकणारा. टिनोपॉल उन्हातले अदृश्य जंबुपार किरण गिळते आणि त्यांच्या मोबदल्यात निळसर उजेड परत देते. म्हणूनच त्यात बुडवलेला सदरा उन्हात गेल्यावर पांढऱ्याहून पांढरा भासतो. पदार्थ अधिक शक्तीचा प्रकाश घेतो, त्यातली थोडी शक्ती अंगातच उष्णतारूपाने खर्चतो आणि उरलेली किंचित कमी शक्तीच्या, म्हणजे वेगळ्या रंगाच्या प्रकाशाने बाहेर टाकतो. या गुणास आपल्या परिभाषेत अनुस्फुरण म्हणतात. प्रतिदीप्ती असेही म्हणतात. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली त्याची उकल केली, तीही मलेरियावरच्या क्विनीनचे द्रावण उन्हात ठेवून. कोणाला घरी पाहावयाचे असेल, तर नोटा तपासण्याचा छोटा दिवा पुरतो. पालकाची पाने स्पिरिटमध्ये कुस्करून गाळलेला हिरवा अर्क त्याच्यापुढे रक्तासारखा तांबडा दिसतो. हळदीचा अर्क हिरवट पिवळा चमकतो.

येणारा आणि जाणारा प्रकाश निरनिराळ्या रंगांचा असतो, यातच या युक्तीचे सामर्थ्य आहे. मध्ये योग्य काच बसवून येणारा निळा प्रकाश अडवला म्हणजे डोळ्यापर्यंत फक्त रंगाने टाकलेला प्रकाश पोचतो. दिवसाही आकाशात चांदण्या असतातच. भोवतालच्या उजेडामुळे त्या दिसत नाहीत, एवढेच. पार्श्वभूमी काळी केली की अगदी मंद ठिपकाही नजरेत भरतो.

आता रंगाला गाठीकडे कसे पाठवायचे? मिनेसोटा विद्यापीठातील जॉर्ज मूर यांनी १९४७ साली फ्ल्युओरेसीनच घेतले. शिरेतून ते दिले असता मेंदूतील गाठी पिवळ्या चमकतात, असे त्यांना आढळले. कारखान्यांत चमकणाऱ्या रंगाने तडे शोधण्याची पद्धतही त्याच दशकात, युद्धकाळातील विमानांच्या भागांसाठी रुळली, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. पण मूर यांचा रंग गाठीला ओळखत नव्हता. निरोगी मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात व त्या परक्या पदार्थांना आत शिरू देत नाहीत. गाठीपाशी या भिंती फुटक्या असतात, म्हणून रंग तेथे पाझरतो. सूज आलेल्या भागातही तो तसाच पाझरतो. हा गळका नळ शोधण्याचा प्रकार झाला. चोर ओळखण्याचा नव्हे.

यानंतरची एक हकीकत आपल्या पिंपरीच्या लोकांनी आवर्जून ऐकावी अशी आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले, टेट्रासायक्लिन आले. यांतले टेट्रासायक्लिन हे जंतुनाशक तर आहेच, पण जंबुपार उजेडात ते पिवळे चमकते. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डेव्हिड रॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, की हे औषध दिल्यानंतर शरीराच्या इतर भागांतून ते निघून जाते, परंतु गाठीत त्याची पिवळी चमक मागे राहते. केवढी आशा वाटली असेल! थोड्याच वर्षांत त्यावर जठराच्या कर्करोगाची एक परीक्षाही निघाली. रोग्याला काही दिवस टेट्रासायक्लिन द्यायचे, मग जठर धुऊन निघालेला गाळ गाळणकागदावर वाळवायचा आणि जंबुपार दिव्याखाली धरायचा. पिवळी चमक दिसली तर संशय घ्यायचा.

ती परीक्षा टिकली नाही. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटते. त्यामुळे ते हाडांत बसते, लहान मुलांच्या घडणाऱ्या दातांत बसून त्यांना कायमचे पिवळे करते, आणि दाह झालेल्या ऊतकातही रेंगाळते. कर्करोग नसताना कागद चमकू लागला आणि असताना कधी कधी चमकेना. पुढे जठरात दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहता येऊ लागले व ही परीक्षा मागे पडली. तरीही ती आम्हांस महत्त्वाची वाटते. गाठीत रंग साचतो एवढ्याने काम भागत नाही, तो दुसरीकडे कोठे साचत नाही हेही दाखवावे लागते, हा धडा याच प्रकारच्या अपयशांतून मिळाला. क्रँकशाफ्टवरही नुसत्या ओरखड्यावर किंवा धारदार कोपऱ्यावर चूर्ण जमते; जाणता कामगार ती खोटी खूण ओळखतो आणि पुसून पुन्हा पाहतो.

आज जे रंग खरोखर निवड करतात, त्यांच्या युक्त्या वेगवेगळ्या आहेत. सर्वांत विलक्षण युक्ती अशी, की रंग बाहेरून द्यायचाच नाही. गाठीकडूनच तो तयार करवून घ्यायचा. आपल्या रक्ताचा लाल रंग हीम नावाच्या द्रव्यामुळे आहे. शरीरातील पेशी ते टप्प्याटप्प्याने घडवतात. पहिल्या टप्प्यावर अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल नावाचा साधा पदार्थ असतो. शेवटून दुसऱ्या टप्प्यावर प्रोटोपॉर्फिरिन तयार होते आणि त्यात एका एन्झाइमने लोखंडाचा अणू बसवला की हीम पुरे होते. हीम चमकत नाही. लोखंड बसण्यापूर्वीचे प्रोटोपॉर्फिरिन मात्र निळ्या-जांभळ्या उजेडात लालभडक चमकते. मेंदूतील जहाल गाठींत लोखंड बसवणारे हे काम मंद चालते. तेव्हा रोग्याला भूल देण्यापूर्वी सुमारे तीन तास, वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम या हिशेबाने, ते पहिल्या टप्प्यावरचे आम्ल पाण्यात विरघळवून प्यावयास देतात. जुळणीच्या पट्ट्यावर सुरुवातीला माल भरमसाट ओतला आणि शेवटचा कारागीर हात आखडून बसला, तर त्याच्या अलीकडे अर्धवट मालाचा ढीग लागतो. हा ढीगच लाल चमकतो. निरोगी मेंदूत तो लागत नाही, किंवा फार थोडा लागतो.

जर्मनीत वॉल्टर श्टुमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची रीतसर पारख करून २००६ साली निष्कर्ष मांडले. नेहमीच्या पांढऱ्या उजेडात शस्त्रक्रिया केलेल्या रोग्यांपैकी ३६ टक्क्यांत गाठीचा दिसणारा भाग पुरता निघाला होता. निळ्या उजेडाच्या मदतीने हे प्रमाण ६५ टक्के झाले. सहा महिन्यांनंतर रोग पुन्हा न वाढलेले रोगी पहिल्या गटात २१ टक्के होते, दुसऱ्यात ४१. हे आकडे ऐकून कोणी टाळ्या वाजवण्यापूर्वी एवढे सांगितले पाहिजे, की एकूण आयुष्य वाढल्याचे त्या अभ्यासात सिद्ध झाले नाही. हा रोगच तसा क्रूर आहे. युरोपात या औषधास २००७ मध्ये व अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील डॉ. अलियासगर मोईयादी व त्यांच्या सहकाऱ्यांनीही त्याचा उपयोग करून अनुभव प्रसिद्ध केले आहेत. त्यांनी या लाल उजेडाला ध्वनिलहरींच्या चित्राची जोड दिली. उजेड फक्त पृष्ठभागावरचे दाखवतो. रक्ताच्या थेंबाखाली किंवा मेंदूच्या घडीआड दडलेले त्याला दिसत नाही. ध्वनिलहरी खोलवरचे दाखवतात, पण पातळ थर त्यांच्यातून निसटतो. दोन्ही साधने एकमेकांची उणीव भरून काढतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

दुसरी युक्ती आमिषाची, आणि तिचे मूळ थेट परळमध्ये सापडते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका एका विशिष्ट पंडुरोगाने खंगत आणि दगावत. त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. हाफकिन संस्थेत प्रयोग करून त्यांनी दाखवले, की यीस्टच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो. १९३१ साली हे प्रसिद्ध झाले. अर्कातले अज्ञात द्रव्य पुढे फॉलिक आम्ल ठरले. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे केले गेले, म्हणून पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव. आंध्रातून अमेरिकेस गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. गरोदर बायकांना आज ज्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात, त्यांची कुळकथा ही अशी गिरणगावातून निघते.

वाढत्या पेशीला हे जीवनसत्त्व हवेच असते. अंडाशयाच्या बहुसंख्य कर्करोगांत पेशीच्या अंगावर फॉलिक आम्ल पकडणारे हात, म्हणजे ग्राही, फार मोठ्या संख्येने असतात. बहुतेक निरोगी पेशींवर ते थोडे असतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे फिलिप लो यांनी या आमिषाला रंग बांधला. पेशी आमिष गिळते व त्याबरोबर रंगही गिळते. हॉलंडमधील ग्रोनिंगन येथे रुग्णांवर केलेला पहिला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला; त्यात आमिषाला बांधलेला रंग आपला जुना फ्ल्युओरेसीनच्याच जातीचा होता. त्यात एक उणीव राहिली. हिरवा उजेड मांसातून फार दूर जात नाही. काळोखात तळहातामागे बॅटरी धरा: पांढऱ्या उजेडातला फक्त तांबडा भाग आरपार येतो, बाकीचा रक्तात मुरतो. तांबड्याच्याही पलीकडचा अवरक्त प्रकाश आणखी सहज जातो. म्हणून पुढच्या रंगात ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकणारा भाग घेतला. तो डोळ्यांना दिसत नाही. कॅमेरा पाहतो आणि पडद्यावर दाखवतो. पॅफोलासियानिन असे त्याचे नाव. अमेरिकेत त्यास नोव्हेंबर २०२१ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी व डिसेंबर २०२२ मध्ये फुप्फुसातील गाठींसाठी मान्यता मिळाली. अंडाशयासाठीच्या पाहणीत १३४ स्त्रियांपैकी २६.९ टक्के स्त्रियांत, नजरेला आणि बोटांना न सापडलेली निदान एक कर्करोगाची जागा या रंगाने दाखवली.

यापुढची युक्ती कात्रीची. रंगाच्या दोन टोकांना असे बांधून ठेवायचे, की तो चमकूच शकणार नाही. गाठीच्या कडेला काही एन्झाइमे भोवतालचे ऊतक कुरतडत असतात. ती ही गाठ सोडतात आणि रंग पेटतो. स्तनातील गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीच्या भिंती तपासण्यासाठी पेग्युलिसियानिन नावाच्या अशा रंगास अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

येथे एक शंका काढली जाईल: एखादा रंग कर्करोगाच्या पेशींनाच निवडतो, हे ठरवतात कसे? वर्तमानपत्रांत 'कर्करोगाच्या पेशी चमकवणारा नवा रंग' अशा बातम्या वरचेवर येतात. त्यांतील बहुतेक प्रयोग काचेच्या बशीतले असतात. पेशी बशीत वाढवण्याचे हे तंत्र आपल्या देशात रुजवणाऱ्या कमल रणदिवे पुण्याच्या. परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतकसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. आज पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना अशा पेशी पुरवल्या जातात. परंतु बशीत नुसत्या कर्करोगाच्याच पेशी ठेवल्या आणि वर रंग ओतला, तर त्या रंगल्या यात नवल काय? निवड करायला दुसरे कोणी तेथे हजरच नव्हते. शेजारच्या बशीत निरोगी पेशी ठेवाव्या लागतात. त्यांहून कसून परीक्षा अशी, की आधी साधे, रंग न बांधलेले फॉलिक आम्ल भरपूर ओतायचे आणि मग रंगवलेले आमिष द्यायचे. पेशीचे हात आधीच भरलेले असल्यामुळे चमक मावळली, तर रंग खरोखर त्या हातांनीच आत जात होता हे ठरते. चमक तशीच राहिली, तर तो नुसता चिकटत होता.

ही प्रयोगशाळेतली बाब रोग्याच्या पथ्यातही उतरली आहे. पॅफोलासियानिन देण्यापूर्वी ४८ तास फॉलिक आम्लाची गोळी घेऊ नये, असे सांगतात. साधे फॉलिक आम्ल आधीच जागा अडवून बसले, तर गाठ असूनही ती अंधारात राहावयाची.

एवढे करूनही रंग चुकतो. मूत्रपिंडाच्या निरोगी पेशींवर फॉलिक आम्लाचे ग्राही मुळातच असतात, त्यामुळे तेही चमकते. दाह झालेला भाग चमकतो. उलट ज्या गाठीवर ते ग्राही नाहीत, ती काळीच राहते. म्हणून 'चमकत नाही, तेव्हा रोग नाही' हे वाक्य कोणी सर्जन उच्चारत नाही. आपल्याकडील रुग्णालयांत इंडोसायानीन ग्रीन नावाचा रंग बराच वापरला जातो. मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये तो तयारही होतो. तो रक्ताचा व लसिकेचा मार्ग सुंदर दाखवतो आणि गाठीतून प्रथम कोणत्या लसिकाग्रंथीकडे वाट जाते हे कळवतो. कर्करोगाची पेशी मात्र तो ओळखत नाही. नातेवाइकांनी 'रंग घालून ऑपरेशन केले' असे ऐकले, तर कोणता रंग व कशासाठी, हे विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

क्रँकशाफ्ट आणि माणूस यांत आणखी एक फरक आहे. तडा दिसला की तो दांडा भंगारात जातो, आणि कोणी हळहळत नाही. मेंदूत लाल चमकणारा भाग बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या केंद्राला भिडलेला असेल, तर तो दिसत असूनही सर्जनला सोडून द्यावा लागतो. कोठे थांबायचे, हे रंग सांगत नाही. काही वेळा रोग्याला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत शस्त्रक्रिया करतात, ती याचसाठी.

आणि या उजेडाला दुसरी धारही आहे. १९१२ साली फ्रीडरिश मेयर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने प्रोटोपॉर्फिरिनचाच एक भाऊबंद २०० मिलिग्रॅम स्वतःच्या शिरेत टोचून घेतला आणि तो उन्हात गेला. चेहरा ओळखू येईना इतका सुजला. असे रंग प्रकाश पडला की भोवतालच्या प्राणवायूला चेतवतात आणि तो पेशींना जाळतो. गाठीत रंग साचवून तिच्यावर प्रकाश टाकायचा व तिला नष्ट करायचे, असा उपचार या गुणावरूनच निघाला असून काही जातींच्या कर्करोगांत तो वापरलाही जातो. परंतु मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते आम्ल प्यालेल्या रोग्याच्या कातडीतही थोडे प्रोटोपॉर्फिरिन बनलेले असते. म्हणून एक दिवसभर त्याला उन्हापासून व प्रखर दिव्यांपासून दूर ठेवतात. खोलीचे पडदे ओढलेले असतात, दिवा मंद असतो. भेटीस आलेल्या माणसाने सवयीने मोठा दिवा लावू नये, एवढे त्या दिवशी सांभाळायचे असते.